दोन तारांमधला फरक : आवाजाचा आकडा कसा होतो

(नसरापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

ह्या मालेचे जे श्रोते आम्हाला नियमितपणे विचारत असतात, त्यांच्यापैकी काहींचा प्रश्न एकच आहे. वक्ता तोच, खोली तीच, तरी एका भागात आवाज मोठा आणि दुसऱ्यात बारीक का येतो? हेडफोन लावला तर डावीकडून थोडा जास्त ऐकू येतो, ते का? आणि मग प्रश्नाचं शेपूट : ह्यातला खरा आवाज कोणता?

पहिले दोन प्रश्न यंत्राचे आहेत. तिसरा मात्र आमच्या धंद्यातला. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'खरं किती' असं विचारलं की तो आधी 'कशाच्या मानानं' असं विचारतो. गंमत अशी की आवाजाचे आकडे करणारी ती नखाएवढी चिप नेमकं हेच विचारत असते. म्हणून आज तिच्याविषयी बोलू. थोडं गणित येईल, पण बेरीज-वजाबाकी आणि भागाकार ह्यांच्या पलीकडे फारसं जाणार नाही.

आधी वाट समजून घ्या. आम्ही बोलतो, हवा हलते, मायक्रोफोनमधला पडदा हलतो आणि विजेचा अगदी बारीक दाब तयार होतो. साध्या डायनॅमिक मायक्रोफोनपुढे वीतभर अंतरावरून बोललं तर हा दाब एक-दोन मिलिव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट. तो ॲम्प्लिफायर वाढवतो. मग कन्व्हर्टर चिप सेकंदाला बहुधा ४८,००० वेळा त्याच्याकडे बघते आणि दर वेळी एक आकडा लिहिते. चोवीस बिटांची चिप असेल तर तिच्याकडे १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. खऱ्या चिपमध्ये खालच्या काही पायऱ्या तिच्या स्वतःच्या खरखरीत बुडालेल्या असतात, ते सोडून द्या. आपल्याला विचारायचं आहे ते हे की ही पायरी कुठून मोजायची आणि किती उंच धरायची.

शाळेच्या पुस्तकात ह्या दाबाला एक फार चांगला शब्द आहे : विभवांतर. त्यात 'अंतर' आहे. एकट्या तारेला व्होल्ट नसतात. दोन ठिकाणांमध्ये असतात. आपण 'ह्या तारेवर पाच व्होल्ट' म्हणतो तेव्हा दुसरं ठिकाण, म्हणजे जमीन किंवा यंत्राचा शून्य, मनात धरलेलं असतं.

आता चांगल्या मायक्रोफोनची केबल उघडून पाहा. आत आवाजासाठी दोन तारा असतात आणि बाहेरून जाळी. आवाज ह्या दोन तारांच्या फरकात असतो. समजा चिपच्या तोंडाशी एका तारेवर जमिनीच्या मानानं २.५०१ व्होल्ट आहेत आणि दुसरीवर २.४९९. ह्या दोन आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. दोघींची सरासरी २.५, हे झालं सामाईक, म्हणजे कॉमन-मोड व्होल्टेज. दोघींतला फरक ०.००२, हा झाला आवाज. आवाज वाढला, घटला, उलटला तरी सरासरी तिथंच राहते, कारण एक तार जेवढी वर जाते तेवढीच दुसरी खाली येते.

सामाईक भाग किती मोठा असू शकतो ह्याचं उदाहरण कुठल्याही स्टुडिओत सापडतं. कंडेन्सर मायक्रोफोनला चालायला वीज लागते, आणि ती आवाजाच्याच दोन तारांवरून पाठवतात : दोन्ही तारांवर ४८ व्होल्ट. हे ४८ कुठून आले? १९६६ साली नॉर्वेच्या रेडिओसाठी नॉयमन कंपनीनं मायक्रोफोन बनवले, तेव्हा तिथल्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टची सोय आधीच होती, तीच वापरली. पुढे जगानं तेच प्रमाण मानलं. म्हणजे बघा, तारेवर ४८ व्होल्टचा भार आणि त्यावर दोन मिलिव्होल्टचा आवाज. चोवीस हजार पट. तरी ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, कारण तो भार दोन्ही तारांवर सारखा आहे आणि पुढचं यंत्र फक्त वजाबाकी बघतं.

इथं आमच्यातला जुना मास्तर जागा होतो. वैशेषिकांनी पदार्थ मोजताना 'सामान्य' आणि 'विशेष' असे दोन वेगळे पदार्थ सांगितले. कणादांना मायक्रोफोन ठाऊक होता असं सांगणारे लोक आपल्याकडे निघतील. आम्ही त्यांच्यातले नाही. वैशेषिकांचा 'विशेष' परमाणूंना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा, त्याचा तारांशी संबंध नाही. पण त्याच परंपरेतली एक कल्पना इथं खरोखर उपयोगी पडते : अपेक्षाबुद्धी. 'दोन' ही संख्या वस्तूंवर आधीपासून चिकटलेली नसते. 'हा एक आणि हा एक' असं एकत्र पाहणाऱ्या बुद्धीमुळे ती उपजते, असं ते म्हणतात. चिपनं लिहिलेला आकडाही तसाच उपजलेला असतो. कोणाच्या मानानं पाहिलं, हे काढून घेतलं की त्या आकड्याला अर्थ राहत नाही.

असो. वजाबाकीकडे येऊ, कारण खरी मेख तिथं आहे.

बाजारातली जुनी तागडी डोळ्यांपुढे आणा. दांडीच्या दोन बाजू अगदी सारख्या लांबीच्या असतील तर दोन्ही पारड्यांत दहा-दहा किलो टाका, काटा मधोमध राहील. पण एक बाजू शंभरात एक भागानं लांब असेल तर? रिकामी असताना पारडं थोडंसं कललेलं दिसेल, दुकानदार त्याला पासंग लावून सरळ करील. पण पासंगानं दांडीची लांबी बदलत नाही. दहा-दहा किलो टाकल्यावर तीच तागडी शंभर ग्रॅमचा फरक दाखवील, जो मुळात नाहीच. वीस-वीस टाकले तर दोनशे. सामाईक भार जितका मोठा, तितका खोटा फरक मोठा.

विजेच्या वजाबाकीतही हुबेहूब हेच होतं. वजाबाकी करणाऱ्या साध्या मंडलात चार रेझिस्टर असतात, दोन-दोनांच्या जोड्या. ते एक टक्क्यापर्यंत इकडेतिकडे असतील आणि चौघांची चूक नेमकी वाईट दिशेला जमली, तर सामाईक भागाचा पन्नासावा हिस्सा फरकात उतरतो. तंत्रज्ञांच्या भाषेत ३४ डेसिबल. आता सभागृहात मायक्रोफोनची लांब केबल पंख्याच्या आणि पंपाच्या वायरीशेजारून गेली आहे, तिच्या दोन्ही तारांवर समजा एक व्होल्टची पन्नास हर्ट्‌झची गुणगुण चढली आहे. तिचा पन्नासावा भाग म्हणजे वीस मिलिव्होल्ट. आणि आमचा आवाज? दोन. व्याख्यान कसलं, गुणगुणच ऐकू येणार. रेझिस्टर दहापट बारकाईनं जुळवले, दशांश टक्क्याचे, तर गुणगुण दोन मिलिव्होल्टवर येते. तरी ती आवाजाच्या बरोबरीचीच झाली. म्हणून चांगल्या यंत्रात ट्रान्सफॉर्मर किंवा आणखी नेमकी जुळवणी वापरतात.

एक गोष्ट इथं टिपून ठेवण्यासारखी आहे. ४८ व्होल्ट पोचवणारे दोन रेझिस्टर ६.८ किलोओहमचे असतात. प्रमाणक सांगतं की ते दोघं मिळून दहा टक्के इकडेतिकडे गेले तरी हरकत नाही; पण त्या दोघांत आपसात ०.४ टक्क्याहून जास्त फरक चालणार नाही. किती आहेस ह्यापेक्षा जोडीदाराएवढा आहेस का, ही अट पंचवीसपट कडक. अभियंत्यांनी हे एका ओळीत लिहून ठेवलं आहे. आम्हाला हे समजावायला वर्गात दोन तास लागले असते.

मग सामाईक भाग निरुपयोगी आहे, तो वजा करून टाकायचाच असतो, असं म्हणायचं का? इथं पुष्कळ लोक फसतात. सामाईक भाग निरोप घेऊन येत नाही हे खरं, पण तो योग्य जागी नसेल तर निरोपही धड पोचत नाही.

चिप पाच व्होल्टवर चालते असं धरा. तिच्यासाठी जमीन शून्यावर आणि छत पाचावर. तारेला ह्याच्या बाहेर जाता येत नाही. फार बाहेर ढकललं तर चिपच जळायची. म्हणून विसावण्याची जागा मधोमध, अडीच व्होल्टच्या आसपास ठेवतात. साडेतीनपेक्षा कमी व्होल्टवर चालणाऱ्या चिपमध्ये, समजा ३.३ वर, ती १.६५ च्या जवळ असते. पुष्कळ चिपमध्ये हा मध्य बाहेर दाखवणारा एक पाय असतो, त्याला व्हीकॉम म्हणतात. त्या पायाला कपॅसिटर जोडून तो स्थिर ठेवायचा असतो. त्यातून वीज ओढून भलतं काही चालवायला गेलं तर मध्यच सरकतो. हौशी मंडळी हे हमखास करतात.

सरकला तर काय होतं ते पाहू. प्रत्येक तार मध्यापासून दोन व्होल्ट वर आणि दोन खाली झोके घेते आहे. मध्य अडीचला असताना ती अर्ध्यापासून साडेचारपर्यंत जाते. वर-खाली जागा आहे. दोन तारांतला फरक जास्तीत जास्त चार व्होल्ट होतो. आता मध्य साडेतीनला सरकवा. वर जाणाऱ्या तारेला साडेपाच गाठायचे आहेत, छत पाचावर आहे. ती पाचाला टेकते आणि थांबते. खाली जाणारी मात्र दीडपर्यंत आरामात जाते. म्हणजे फरक तीन व्होल्ट होईपर्यंत दोन्ही तारा काम करत होत्या. तिथून पुढे एकच. जिथं एक व्होल्ट वाढायला हवा होता तिथं अर्धाच वाढतो. चाराऐवजी साडेतीन.

ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. आवाज हळू असताना गेन एक, आणि तोच आवाज चढला की गेन निम्मा. लाटेच्या मध्यावर मापच बदललं. शिवाय उलट्या झोक्यात दुसरी तार छताला टेकते, म्हणून लाटेचे दोन्ही शेंडे सारखेच चेपतात. ऐकायला ती नेहमीची फाटलेली ध्वनी वाटते. पण मीटर बघाल तर तो पूर्ण मापाच्या १.२ डेसिबल खालीच थांबलेला, लाल दिवा लागलेलाच नाही. ध्वनिमुद्रण करणारा म्हणतो, मी तर मर्यादेत होतो. तो खोटं बोलत नाही. मीटर आकडे बघतो, आणि मोडतोड आकडे होण्याच्या आधीच झालेली आहे.

ह्याच्यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही तारांत एकेक कपॅसिटर. तो बाहेरचा स्थिर दाब अडवतो, हलता आवाज सोडतो आणि आत चिपला आपला मध्य आपण ठरवू देतो. दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि वीस किलोओहमचा प्रवेशरोध असेल तर ०.८ हर्ट्‌झच्या वरचं सगळं जवळजवळ जसंच्या तसं जातं. माणसाच्या कानाला वीसच्या खालचं ऐकू येत नाही, तेव्हा काही गमावलं नाही. फक्त यंत्र सुरू केल्यावर हा कपॅसिटर भरायला सुमारे सेकंदभर लागतो. तेवढ्या वेळात मध्य जागेवर यायचा असतो. म्हणून यंत्र सुरू केल्या केल्या 'सुरू करा' म्हणू नये.

आता राहिला तुमचा मूळ प्रश्न, दोन भागांतला आणि दोन कानांतला फरक. ह्याचं एक कारण उघड आहे : कोणीतरी गेनचं बटण फिरवलं. पण बटण न फिरवताही फरक पडतो, त्याचं कारण चिप बनण्याच्या पद्धतीत आहे. चिपमधला रेझिस्टर म्हणजे सिलिकॉनवरची एक पट्टी. तिचं खरं मूल्य एका घाण्यापासून दुसऱ्या घाण्यापर्यंत वीस टक्क्यांनीही हलू शकतं. पण एकाच चिपमध्ये शेजारी-शेजारी काढलेल्या दोन पट्ट्या एकमेकींशी फार चांगल्या जुळतात, दशांश टक्क्यापर्यंत. एकाच तव्यावरच्या दोन भाकरी म्हणा. म्हणून शहाणा चिपकार गेन हा आतल्याच दोन पट्ट्यांच्या भागाकारावर ठरवतो. दोघी एकदम वाढल्या तरी भागाकार तोच.

गडबड होते ती बाहेरचा माणूस मध्ये पडला की. आवाज फार मोठा येतो म्हणून कोणी चिपच्या तोंडाशी बाहेरून वीस किलोओहमचा रेझिस्टर लावतो. हिशेब असा : आत वीस, बाहेर वीस, आवाज निम्मा. बाहेरचा रेझिस्टर महाग, अगदी नेमका आहे. पण आतले वीस एका चिपमध्ये चोवीस निघाले तर निम्म्याऐवजी ०.५४५ येतो, दुसरीत सोळा निघाले तर ०.४४४. ह्या दोन चिपांतला फरक जवळजवळ १.८ डेसिबल, म्हणजे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला सहज कळेल इतका. बाहेरचा रेझिस्टर कितीही नेमका घेतला तरी उपयोग नाही, कारण तो आतल्याचा नातेवाईक नाही. डाव्या-उजव्या कानांसाठी दोन वेगळ्या चिप वापरल्या असतील तर आवाज एका बाजूला ओढला जाणारच. एकाच चिपमधले दोन मार्ग असते तर हा फरक बहुतेक दिसलाच नसता.

पण हा दोष सौम्य आहे. ती चिप १.०९ नं गुणते आहे हे कळलं की आपण १.०९ नं भागू. पाच वर्षांनी कळलं तरी भागू. आधी सांगितलेल्या दोषाचं तसं नाही. मध्य सरकल्यामुळे शेंडे चेपले गेले, तर कुठल्या क्षणी किती चेपले ह्याची नोंद कुठंच नसते. एका संख्येनं भागून ते परत येत नाहीत. मिसळलेल्या गुणगुणीचंही थोडंफार तसंच. ती गाळता येते, पण तिच्याबरोबर आवाजाचा खालचा पट्टाही थोडा जातो.

हे सगळं आम्ही नसरापुरात का सांगतो आहोत? ह्या आपल्या डोंगरी भागात, भोर-वेल्हे-मुळशी-मावळाच्या खेड्यांत, बायकांनी जात्यावर गायलेल्या ओव्या अजून कोणा-कोणाच्या ओठांवर आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हँ ह्यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल नव्वदच्या दशकात त्यांना येऊन मिळाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून 'पारी' ह्या संकेतस्थळावर त्या ओव्या ऐकायला मिळतात. गाणाऱ्यांपैकी पुष्कळजणी आता नाहीत. आता तुमच्यापैकी अनेकजण आपल्या आजीचा, आत्याचा आवाज फोनवर किंवा लहान रेकॉर्डरवर टिपता, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

अशा मुद्रणातून काय कळतं आणि काय कळत नाही? एकाच मुद्रणात जात्याची घरघर आणि गाणारीचा आवाज ह्यांचं आपसातलं नातं विश्वासार्ह आहे. एक गाते आणि दुसरी झेलते, त्या दोघींतला चढ-उतारही. पण ह्या गावची बाई त्या गावच्या बाईपेक्षा मोठ्यानं गात होती, असं दोन फाइली शेजारी ठेवून म्हणता येणार नाही. गेन किती होता, मायक्रोफोन किती लांब होता हे कोणी लिहून ठेवलं असेल तरच म्हणता येईल. फाइल ते सांगत नाही.

आणि आपसातलं नातंही विश्वासार्ह राहतं ते गेन मध्येच बदलला नाही तर. पुष्कळ फोनमध्ये आपोआप गेन बदलण्याची सोय सुरूच असते. आजी ओवी संपवून श्वास घेते, तेवढ्यात फोनला वाटतं आवाज फार बारीक झाला. तो गेन वाढवतो आणि जात्याची घरघर फुगून वर येते. मग आजी गायला लागली की दाबतो. ऐकणाऱ्याला वाटतं जातं थांबत-थांबत ओरडत होतं. सोय बंद करता येत असेल तर बंद करा. गेन एकदा लावा, मग हात लावू नका. सर्वांत मोठा आवाज पूर्ण मापाच्या दहा-बारा डेसिबल खाली राहील असा लावा. चोवीस बिटांत तेवढी जागा सोडणं परवडतं. सुरुवातीला एका हातावरून, मोजलेल्या अंतरावरून टाळी वाजवा आणि अंतर वहीत लिहा. ती टाळी उद्याच्या माणसाला भागाकार करायला उपयोगी पडेल.

बनेश्वराच्या देवळातली घंटा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे, १६८३ साल कोरलेली, चिमाजी अप्पांच्या वसईच्या विजयाची खूण. देवळात भजन मुद्रित करायला गेलात तर गेन भजनाच्या मानानं लावू नका. कोणी येऊन घंटा वाजवणार, आणि तो क्षण गेला की गेला. गेन घंटेच्या मानानं लावा. भजन थोडं बारीक येईल, ते नंतर गुणता येतं.

व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं विचारलं की फोनच्या हेडफोनमधल्या मायक्रोफोनला तर एकच तार असते, मग वजाबाकी कोणातून? प्रश्न चांगला होता. तिथं दुसरी तार म्हणजे यंत्राचा शून्य. मायक्रोफोनला चालवायला त्याच एका तारेवर दोन-अडीच व्होल्ट दिलेले असतात, कपॅसिटर ते अडवतो आणि आत चिपच्या एका पायावर आवाज येतो. दुसऱ्या पायाला चिप आपला मध्य देऊन स्थिर ठेवते. वजाबाकी होतेच, फक्त दुसऱ्या बाजूला खरा जोडीदार नसून एक ठोकळा असतो. म्हणून वाटेत चढलेली गुणगुण वजा होत नाही, ती सबंध आवाजात उतरते. तार वीतभर असेल तोवर हे चालून जातं. सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत नेली तर चालत नाही.